र. धों. कर्वे : एका घरातल्या दोन सुधारणा

१९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा भारतात तसे दुसरे केंद्र नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले पहिले केंद्र उघडले होते. त्याच्या पाच वर्षे आधी मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असाच प्रयत्न केला आणि काही दिवसांतच पोलिसांनी तो बंद पाडला. मुंबईत तशी वेळ आली नाही. पोलीस आले नाहीत आणि बायकाही फारशा आल्या नाहीत. प्राध्यापकी सांभाळून चाललेल्या या उद्योगाकडे लोकांनी आधी चक्क काणाडोळा केला. मग चेष्टा झाली, आणि खटले त्यानंतर आले.

हे ज्या शहरात घडत होते ते नव्याला घाबरणारे शहर नव्हते. विजेची ट्राम मुंबईच्या अंगवळणी पडली होती. नळाचे पाणी, गिरणीचा भोंगा, आगगाडी, फोनो, सिनेमा हे सगळे लोकांनी घेतले होते आणि सोवळ्याओवळ्याची जमेल तशी सोय लावून पचवलेही होते. मग रबराची एक लहानशी टोपीच का अडली? कर्व्यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाशी झुंजण्यात गेले. त्यांच्या घराकडे पाहिले की या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळते, कारण त्याच घरातल्या दुसऱ्या एका सुधारणेला समाजाने अखेर डोक्यावर घेतले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडचा. वडील म्हणजे धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेली, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. पुढे ज्या माणसाने बायकांना नको असलेल्या बाळंतपणातून सोडवण्यासाठी नोकरी, पैसा आणि प्रतिष्ठा पणाला लावली, त्याच्या बालपणातली ही घटना आहे. तिचा सरळ धागा जोडण्याचा मोह होतो, पण तसे करण्याचे कारण नाही. त्या काळात बाळंतपणात आई गमावलेली मुले घरोघर होती आणि त्यांतली बहुतेक मोठी होऊन चारचौघांसारखीच वागली.

१८९३ मध्ये वडिलांनी दुसरे लग्न केले ते एका विधवेशी. गोदूबाई या त्यांच्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना त्याचा त्रास सोसावा लागला. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. समाज उलटतो म्हणजे काय होते, हे त्याने घरातच पाहिले.

पुढच्या तीस वर्षांत मात्र चित्र पालटले. धोंडो केशवांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तो हिंगण्याला नेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. पै पै करून गोळा केलेल्या वर्गणीवर हे काम वाढले. ज्यांच्या घरी त्यांना पंगतीला बसू देत नसत, तेच लोक मुली त्यांच्या शाळेत धाडू लागले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

या यशामागे चिकाटी होतीच, पण एक हिशेबही होता. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या या माणसाने आश्रमाचे काम मात्र पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवले. तिथे विधवांना शिकवायचे, आपल्या पायांवर उभे करायचे, एवढेच. हे लोकांना समजण्यासारखे होते. विद्यादान, अनाथांची सेवा, साधी राहणी आणि त्याग यांचा मान समाजात आधीपासून होता. शिकलेली विधवा मास्तरीण किंवा नर्स झाली, तर घराला आधारच होणार होता. नवी गोष्ट जुन्या भांड्यात घालून दिली गेली. भांडे ओळखीचे निघाले म्हणून लोकांनी ती हातात घेतली आणि आत काय बदलले आहे हे उशिरा ध्यानात आले. धोंडो केशवांना बोळवण करायची नव्हती. कुठला दरवाजा ढकलला तर उघडेल याची त्यांना अचूक जाण होती.

थोरल्या मुलाला असा दरवाजा शोधण्याची सवयच नव्हती.

रघुनाथराव हुशार विद्यार्थी होते. १८९९ च्या मॅट्रिकला ते पहिले आले. गणित हा त्यांचा विषय. वडीलही फर्ग्युसनमध्ये गणितच शिकवीत आणि रँग्लर परांजपे नात्यातले, तेव्हा या घराण्याला गणिताचा नादच होता म्हणायचा. १९१९ च्या सुमारास ते पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेले. फ्रान्समधल्या मोकळ्या वातावरणात त्यांना नव्या कल्पना मिळाल्या, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच फ्रान्सने जुलै १९२० मध्ये गर्भनिरोधनाचा प्रचार आणि गर्भनिरोधक साधनांची विक्री गुन्हा ठरवणारा कायदा केला. महायुद्धात तरुणांची एक पिढी कापली गेली होती आणि सरकारला मुले हवी होती. अमेरिकेत १८७३ पासून असा माल आणि अशी माहिती टपालाने पाठवणे कायद्याने अश्लील ठरत होते. युरोप-अमेरिका सुधारलेली आणि हिंदुस्थान तेवढा मागासलेला, अशी विभागणी या एका विषयात तरी लागू पडत नव्हती.

मुंबईला परतल्यावर विल्सन कॉलेजात गणित शिकवता शिकवता कर्व्यांनी केंद्र काढले. संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव करण्यावर पुस्तके लिहिली. कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे पटण्यासारखे नव्हते. हा उद्योग किंवा नोकरी, यांपैकी एकाची निवड करायची वेळ आली आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी प्राध्यापकी सोडली. चालकांना फार दोष देण्यातही अर्थ नाही. अँग्लिकन चर्चने काही अटींवर गर्भनिरोधनाला पहिली मान्यता दिली ती १९३० मध्ये, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोपनी ते पाप असल्याचे ठासून सांगितले. मुरूडचे भिक्षुक आणि मुंबईचे पाद्री यांचे एरवी कशावर एकमत होणे कठीण होते. इथे झाले.

कर्वे सांगत होते ते विज्ञान त्या काळच्या मानाने किती पुढचे होते, हे समजायला डॉक्टर मंडळींची स्थिती पाहावी लागते. त्या वेळी हाताशी असलेली साधने मोजकी होती. जाड रबराचे निरोध, गर्भाशयाच्या तोंडावर बसवायची रबरी टोपी, औषध लावलेला स्पंज, क्विनीनच्या विरघळणाऱ्या गोळ्या. नीट वापरली तर ती बऱ्यापैकी काम करीत. ज्यांना साधने नको होती त्यांना डॉक्टर सुरक्षित दिवस सांगत, आणि इथे मोठीच गोम होती. कुत्रीसारख्या प्राण्यांमध्ये रक्तस्राव आणि माज यांचा काळ जवळजवळ असतो. त्यावरून माणसातही पाळीच्या आसपास गर्भ राहतो आणि महिन्याचा मधला काळ निर्धास्त असतो, असे कित्येक वैद्यकीय पुस्तकांत दशकानुदशके छापलेले होते. खरे उलटे आहे. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडते. जपानमध्ये ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२८ मध्ये स्वतंत्रपणे हे दाखवून दिले. तोवर डॉक्टरांचा सल्ला इमानेइतबारे पाळणारी जोडपी नेमके गर्भ राहण्याचेच दिवस निवडत होती. संयमाचा हिशेब असा चुकलेला असताना, साधन वापरा असे स्पष्ट सांगणारा गणिती हा कुठल्याही उपदेशकापेक्षा बायकांच्या जास्त उपयोगाचा होता.

तरीही बायका फारशा आल्या नाहीत. याला फक्त लाज आणि धर्म कारण होते असे समजणे त्या बायकांवर अन्याय करणारे आहे. त्या काळी जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे दोनशे मुले वर्षाच्या आत दगावत. जगलेल्यांना देवी, कॉलरा, हिवताप होताच. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर अख्खी घरे रिकामी केली. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली; पुढे तसे कधी झाले नाही. म्हणजे कर्वे मुले कमी करा असे सांगत होते ते नेमके माणसे कमी झालेल्या वर्षी. म्हातारपणी भाकर देणारा एक मुलगा हाताशी राहायला हवा असेल, तर चार-पाच पदरात पाडून घेणे हा अडाणीपणा नव्हता. तो अनुभवाचा हिशेब होता. अष्टपुत्रा सौभाग्यवती भव हा आशीर्वाद त्या हिशेबातूनच आलेला आहे. आठांतली किती हाती लागतील याची खात्री कुणालाच नसे.

लस टोचल्यावर मूल देवीने गेले नाही, हे शेजारी पाहू शकतात. न झालेले बाळंतपण कोणाला दिसत नाही. रोग टाळणाऱ्या सगळ्याच उपायांची ही अडचण असते आणि गर्भनिरोधनात ती जरा जास्तच असते. ज्या बाईला फायदा होतो तीही तो चारचौघींत सांगू शकत नाही.

१९२२ मध्ये विल्यम ऑगबर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने संस्कृतीच्या मागे पडण्याची कल्पना मांडली. यंत्रे आणि वस्तू झपाट्याने बदलतात, रीतिरिवाज आणि समजुती त्यांच्यामागून रखडत येतात, असा तिचा सारांश. मुंबईच्या ट्रामला ती चांगली लागू पडते. कर्व्यांच्या टोपीला मात्र पुरती लागू पडत नाही, कारण टोपी ही वस्तूच होती आणि तरी अडली. संस्कृतीचे काही भाग सुटे असतात. ते काढून दुसरे बसवले तरी बाकीची रचना हलत नाही. काही भाग मात्र घराच्या तुळईसारखे असतात; त्यांच्यावर दुसरेच काहीतरी तोललेले असते. मूल होणे या एका गोष्टीवर वंश, वारसा, श्राद्धाचा अधिकार, जातीबाहेर लग्न न होण्याची खबरदारी आणि सुनेचे सासरचे स्थान इतके सगळे तोललेले होते. संबंध आणि गर्भ यांची फारकत झाली की यातल्या प्रत्येक गोष्टीला हादरा बसणार, हे विरोधकांना कळत होते. गर्भाची भीती गेली की कुमारिका आणि विधवा वाकड्या वाटेने जातील, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

इथे वडिलांनी काय केले असते याचा अंदाज बांधता येतो. विवाहित आणि चार लेकरांची आई असलेल्या स्त्रीच्या प्रकृतीपुरताच विषय ठेवून त्यांनी काम पुढे नेले असते. इतरांनी तशाच वाटा काढल्याही. ना. सी. फडके यांनी १९२७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात संततिनियमनाला सुप्रजननाची, म्हणजे सुदृढ राष्ट्राची, जोड दिली. राष्ट्रासाठी म्हटले की पुष्कळ गोष्टी सोवळ्यात बसतात. पण सुप्रजननाच्या नावाखाली त्याच काळात युरोप-अमेरिकेत कोणी मूल जन्माला घालायचे हे सरकार ठरवू लागले होते, हेही विसरून चालत नाही.

कर्व्यांनी विरोधकांचा आक्षेप अंगावर घेतला. आपली साधने अनीतीसाठी वापरली जाणार नाहीत, असे आश्वासन त्यांनी दिले नाही. ज्यात कोणाचे नुकसान नाही असा दोन प्रौढ माणसांचा राजीखुशीचा संबंध अनैतिक कसा, हाच त्यांचा उलटा प्रश्न होता. स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते, तिचाही त्यावर हक्क आहे आणि मूल हवे की नको हे तिने ठरवायचे, हे ते शांत, गणिती भाषेत लिहीत. आरोग्याचा उपाय म्हणून कदाचित खपून गेले असते ते त्यांनी तत्त्व म्हणून मांडले. व्यवहाराच्या दृष्टीने ही चूकच होती. पण त्यांच्या म्हणण्यातला मूळ भाग वगळून उरलेले विकणे त्यांना जमणारे नव्हते, आणि ते जमले असते तर आज त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखेही फारसे राहिले नसते.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे घरात ते उशीखाली ठेवायची वस्तू झाली. आत मात्र चवचाल काही नसे. शरीररचना, गुप्तरोग, गर्भनिरोधन, पुस्तकपरीक्षणे, बुवाबाजीवर कोरडे. लिखाण, संपादन, पत्रव्यवहार यांचा बहुतेक भार एकट्या कर्व्यांवर होता. पेनिसिलिन अजून आलेले नव्हते. परमा अंगावर काढला जाई आणि नवऱ्याकडून आलेल्या आजाराने बायका वांझ होऊन वर दूषण घेत. अशा वेळी निरोध हा गर्भाइतकाच रोगालाही अडवतो, हे छापील मराठीत सांगणारी जागा म्हणून त्या मासिकाचे मोल मोठे होते.

मासिकातला सर्वांत जिवंत भाग वाचकांच्या प्रश्नांचा होता. लोक नाव न देता लिहीत आणि कर्वे शंकेला शंका म्हणून उत्तर देत. हस्तमैथुन आणि स्वप्नावस्था यांच्याबद्दलची धास्ती त्या काळी फार मोठी होती. आयुर्वेदात शुक्र हा सातवा धातू, रसापासून मज्जेपर्यंतच्या साऱ्या धातूंचे अखेरचे सार. त्यातूनच रक्ताच्या कित्येक थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो अशी समजूत रुजली आणि वीर्यनाश म्हणजे सर्वनाश हे पोरांच्या मनावर बिंबवले गेले. ही आपलीच खासियत नव्हे. स्वित्झर्लंडच्या तिसो या डॉक्टरने अठराव्या शतकात याच धर्तीवर पुस्तक लिहून सगळ्या युरोपला घाबरवले होते. शरीरात घडते ते असे : वृषणांमध्ये शुक्रजंतू रोज कोट्यवधींनी तयार होतात, एकेक तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि जे बाहेर पडत नाहीत ते शरीरच मोडून जिरवते. साठवून शक्ती वाढत नाही, गेल्याने कमी होत नाही. कर्व्यांनी हे सांगून किती तरुणांची झोप परत मिळवून दिली असेल, त्याची मोजदाद नाही.

यातलेच काही कोर्टात गेले. पहिला खटला १९३१ चा, व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल. शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ चा, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या वेळी त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कामविषयावरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील होत नाही, आणि ज्याला अज्ञानाने त्रास होतो आहे त्याला माहिती देणे हा गुन्हा ठरू शकत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तेव्हाच्या कायद्याला १८६८ च्या इंग्लंडमधल्या हिक्लिन खटल्याची फूटपट्टी लावत. लेखन सर्वसाधारण वाचकाला कसे वाटते हे न पाहता, ज्याचे मन सहज बिघडेल अशा वाचकावर त्याचा काय परिणाम होईल ते पाहायचे. या फूटपट्टीने आरोग्याचे कुठलेही पुस्तक अश्लील ठरू शकते. कर्वे पुन्हा दोषी ठरले आणि या खेपेला दंड दोनशे रुपये झाला. हिक्लिनची ही कसोटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला ठेवली ती २०१४ मध्ये, म्हणजे त्या खटल्यानंतर ऐंशी वर्षांनी. समजुती रखडतात असे ऑगबर्न म्हणाला होता. न्यायालयांची गती त्याने पाहिली असावी.

आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांबाबत ठराव आणला. तो मोठ्या फरकाने फेटाळला गेला. त्याआधी, डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या होत्या. बायकांवर बाळंतपणे लादली जाऊ नयेत आणि नवऱ्याला नकार देण्याचा त्यांना अधिकार हवा, इथपर्यंत दोघांचे जुळले. साधनांचे नाव निघताच गाडी अडली. गांधीजींना संयमाखेरीज दुसरा मार्ग मान्य नव्हता. देशातला सर्वांत प्रभावी माणूस विरोधात असताना एका मासिकाच्या संपादकाचे बळ ते किती असणार?

घर कसेबसे चाले. मालतीबाईंनी नोकरी केली, घर सावरले आणि टीकाही झेलली. मूल होऊ द्यायचे नाही हे दोघांनी ठरवले होते. हा निर्णय रघुनाथरावांच्या नावावर जमा होतो, पण त्याची किंमत बाईला जास्त मोजावी लागते. निपुत्रिक बाईला हळदीकुंकवात काय ऐकावे लागे हे वेगळे सांगायला नको. त्यांचे स्वतःचे म्हणणे नोंदले गेले असते तर या कथेचा दुसरा अर्धा भाग मिळाला असता.

मदतीला फार थोडे आले. त्यांत शकुंतला परांजपे, रँग्लरांची मुलगी. त्यांनी संततिनियमनाचे काम पुढे अनेक वर्षे नेटाने चालवले आणि राज्यसभेतही तो विषय नेला.

आणि मग जे अडले होते ते हलले. १९५२ मध्ये पहिल्या पंचवार्षिक योजनेत भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. असे करणारा जगातला हा पहिला देश समजला जातो. पण कार्यक्रम आला तो विकासाच्या नावाने, धान्य आणि माणसे यांच्या गणिताने. स्त्रीच्या हक्काचा, सुखाचा त्यात मागमूस नव्हता. कर्व्यांचे साधन देशाने घेतले आणि त्यांचे कारण दारातच ठेवले.

त्यानंतरचे आकडे चकित करणारे आहेत. १९५० च्या सुमारास भारतात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा २.० वर आलेला दिसतो, महाराष्ट्रात १.७ वर. मुले जगू लागली, मुली शिकल्या आणि पाळणा लांबवणे ही घरोघरची गोष्ट झाली. अष्टपुत्रा हा आशीर्वाद आज कोणी दिला तर सूनबाई हसेल. संस्कृतीचा जो भाग न हलणारा वाटत होता तो दोन-तीन पिढ्यांत बदलला.

पण त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत. विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ३८ टक्के जोडप्यांत बायकोची नसबंदी झालेली आहे आणि नवऱ्याची ०.३ टक्के जोडप्यांत. वैद्यकीयदृष्ट्या याला काहीच आधार नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया जागच्या जागी भूल देऊन पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही आणि धोका कमी असतो. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा जेमतेम काही टक्के असतो, त्यामुळे प्रमाणातही फरक जाणवत नाही. पुरुषी संप्रेरके रक्तातून जातात, ती नळी बांधल्याने अडत नाहीत. तरी अशक्तपणा येतो, मेहनत होत नाही, हे अजून सांगितले जाते. सातव्या धातूची जुनी भीती नवे कपडे घालून उभी आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. त्यांतल्या सक्तीने या भीतीला खरी जखमही जोडली, हेही खरे. त्यानंतर कोणत्याच सरकारने पुरुषांना फारसे विचारले नाही आणि ऑपरेशन बाईच्या वाट्याला गेले ते गेलेच.

रघुनाथरावांचे धाकटे भाऊ दिनकर यांच्या पत्नी इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रदेशात कोणाशी लग्न चालते, सुनेने कोणापुढे कसे वागायचे, माहेर-सासरचे अंतर किती, याची त्यात बारकाईने मांडणी आहे. दिराने पंचवीस-तीस वर्षे ज्या भिंतीवर डोके आपटले, तिचा नकाशाच तो.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला रघुनाथ कर्वे गेले. वडील तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते आणि पुढे नऊ वर्षे जगले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक निघाला. त्यानंतरचा निघाला नाही.